पदवीचे कमी गुण एमबीबीएसच्या आड येत नाहीत. खरा हिशेब वर्षांचा आणि गुणवत्ताक्रमाचा

जबलपूर : बीएस्सीच्या गुणपत्रिकेवर जेमतेम पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस टक्के, एखाद-दुसऱ्या विषयात एटीकेटी, आणि मनात मात्र बारावीपासून न सुटलेली डॉक्टर होण्याची इच्छा. विद्यापीठाचे निकाल लागले की असे पदवीधर आणि त्यांचे पालक दरवर्षी एकच प्रश्न घेऊन शिकवणी वर्गांची आणि समुपदेशकांची दारे ठोठावतात : पदवीला इतके कमी गुण पडल्यावर वैद्यकीय प्रवेशाचा मार्ग उरतो का? नियमांच्या चौकटीत याचे उत्तर अगदी थोडक्यात देता येते. भारतात एमबीबीएसचा प्रवेश ठरविताना पदवीचे गुण विचारातच घेतले जात नाहीत. ते कमी असल्याने कोणी मागे पडत नाही आणि जास्त असल्याने कोणी पुढेही जात नाही.

हे उत्तर ऐकून अनेकांना हायसे वाटते, आणि गैरसमजाची सुरुवातही तेथूनच होते. जुने गुण पुसले गेले याचा अर्थ वाट सोपी झाली असा नाही. अडथळा नाहीसा होत नाही. तो पदवीच्या गुणपत्रिकेतून उठून एका दिवसाच्या परीक्षेत, गुणवत्ताक्रमात, शुल्कात आणि वयाच्या हिशेबात जाऊन बसतो. त्यामुळे ‘प्रवेश मिळू शकतो का’ यापेक्षा ‘किती वर्षे लावून, कोणत्या अटींवर’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

एमबीबीएससाठी देशभर ‘नीट’ ही एकच प्रवेश परीक्षा आहे. तिला बसण्यासाठी प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि बारावी किंवा तत्सम परीक्षा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र अथवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी या विषयांसह उत्तीर्ण असावी लागते. १९९७च्या वैद्यकीय पदवी शिक्षण नियमावलीने या तीन विज्ञान विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ४० टक्के गुणांची अट घातली होती. पुढे २०२३मध्ये नवी नियमावली आली. म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीची माहिती-पुस्तिका स्वतः वाचणे आवश्यक आहे. ओळखीच्या कोणी तीन वर्षांपूर्वी काय केले, यावर विसंबणे घातक ठरते. मात्र ही टक्केवारीची चर्चा बारावीच्या गुणांपुरती आहे, पदवीच्या नव्हे, हे येथे लक्षात ठेवायचे.

पदवीधरांसाठी स्वतंत्र दरवाजा असल्याचे अनेक वर्षांच्या माहिती-पुस्तिकांत दिसते. पात्रता परीक्षांच्या यादीत बारावीबरोबरच बीएस्सीचाही उल्लेख असतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र (म्हणजे वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र) यांपैकी किमान दोन विषयांसह बीएस्सी उत्तीर्ण झालेला उमेदवार त्यात बसतो. पण त्याच वाक्याच्या शेपटाला अट जोडलेली असते, की त्याने आधीची पात्रता परीक्षाही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजीसह उत्तीर्ण केलेली असली पाहिजे. म्हणजे ज्याला या दरवाजाने जाता येते, तो बारावीच्या दरवाजानेही गेलाच असता. व्यवहारात पदवीधराचा आधार बारावीची गुणपत्रिकाच असते, मग पदवी बीएस्सीची असो, बीकॉमची असो वा बीएची.

ज्यांनी बारावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडले, त्यांची स्थिती बराच काळ बिकट होती. जीवशास्त्र नंतर अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांना आणि मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना जुन्या नियमांनी वगळले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०१८मध्ये हे वगळणे रद्दबातल ठरविले. त्यानंतरही अतिरिक्त विषयाबाबतची अनिश्चितता रेंगाळत राहिली, आणि अखेर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३मध्ये जाहीर सूचना काढून, मान्यताप्राप्त मंडळातून बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांना नीट देण्याची मुभा दिली. अभियांत्रिकीची किंवा भौतिकशास्त्राची पदवी हाती असलेल्या आणि उशिरा वैद्यकाकडे वळू पाहणाऱ्या तरुणांसाठी अलीकडच्या काळातील हा बहुधा सर्वांत उपयुक्त बदल आहे. तो अजूनही पुरेसा माहीत झालेला नाही.

वयाची कथाही अशीच वळणावळणाची आहे. जानेवारी २०१८मध्ये तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षे ही कमाल वयोमर्यादा अधिसूचित केली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वयोमर्यादा ओलांडलेल्यांना अंतरिम आदेशाने परीक्षेला बसू दिले, आणि मार्च २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कमाल वयाची अट काढून टाकल्याचे कळविले. ही अट अंतरिम आदेशामुळे तहकूब असतानाच ओडिशातील स्टेट बँकेचे निवृत्त अधिकारी जयकिशोर प्रधान यांनी २०२०मध्ये, वयाच्या ६४व्या वर्षी, नीट उत्तीर्ण होऊन बुर्ला येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. त्यांच्याजवळही भौतिकशास्त्राची बीएस्सी होती. अशी उदाहरणे उमेद देतात हे खरे; पण निवृत्तिवेतन हाती असलेल्या माणसाचा आणि घर चालविण्याची जबाबदारी अंगावर येऊ घातलेल्या तेविशीतील तरुणाचा हिशेब एक नसतो. नीटला किती वेळा बसावे यावरही मर्यादा नाही. ही सवलत की सापळा, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

अमेरिकेत गुण दुरुस्त करता येतात, भारतात ते पुसले जातात

हा फरक नीट कळण्यासाठी अमेरिकेतील पद्धतीकडे पाहणे उपयोगी पडते. अनेक मराठी कुटुंबांतील मुले तेथे शिकतात, तेथून कानी आलेल्या गोष्टी इकडच्या घरांत चर्चिल्या जातात, आणि त्यातून गोंधळही वाढतो. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होते. प्रवेश देताना एमकॅट या परीक्षेतील गुण (४७२ ते ५२८ या श्रेणीत) आणि महाविद्यालयातील सर्व विषयांची सरासरी, म्हणजे जीपीए, दोन्ही पाहिले जातात. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांची सरासरी वेगळी काढली जाते. शिवाय शिफारसपत्रे, रुग्णालयातील अनुभव, निबंध आणि मुलाखत. ज्याची सरासरी घसरली त्याच्यासाठी तेथे पदवीनंतरचे वैद्यकपूर्व अभ्यासक्रम आहेत. त्यांना बोलीभाषेत ‘पोस्टबॅक’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील असा अभ्यासक्रम १९५५पासून चालत आला आहे. यांपैकी काही अभ्यासक्रम विज्ञान न शिकलेल्या पदवीधरांसाठी असतात, तर काही विज्ञान शिकूनही गुण न मिळालेल्यांसाठी.

या अभ्यासक्रमांत जुने गुण मिटत नाहीत. एमडी महाविद्यालयांच्या सामायिक अर्जात पुन्हा घेतलेल्या विषयाचे जुने आणि नवे दोन्ही गुण मोजले जातात. ऑस्टिओपॅथी महाविद्यालयांच्या अर्जात पूर्वी नवे गुण जुन्यांची जागा घेत असत. ती सवलतही २०१७मध्ये संपली. मग लाभ काय? लाभ हा, की विद्यार्थ्याचा आलेख वर चढताना दिसतो. पहिल्या वर्षी गडगडलेला विद्यार्थी पुढे सलग दोन वर्षे उत्तम गुण मिळवतो, हे प्रवेश समितीतील माणसे वाचतात आणि त्याला वजन देतात. एमकॅट मात्र आयुष्यात सातपेक्षा अधिक वेळा देता येत नाही.

भारतात असा आलेख वाचणारे कोणी नाही. पदवीच्या पहिल्या वर्षी आजारपण होते, घरात कर्ता माणूस गेला, हिंदी माध्यमातून एकदम इंग्रजी पुस्तकांवर यावे लागले, यांपैकी काहीही नीटच्या उत्तरपत्रिकेला कळत नाही. त्याचबरोबर तीन वर्षे केलेली टंगळमंगळही तिला कळत नाही. कोरी पाटी मिळते, पण ती सर्वांनाच मिळते, सतरा वर्षांच्या ताज्या विद्यार्थ्यालाही. त्यामुळे ‘आधी एमएस्सी करून गुण सुधार, मग वैद्यकीयला प्रयत्न कर’ हा सल्ला अमेरिकेत कदाचित शहाणपणाचा ठरेल. भारतात तो दोन वर्षे वाया घालविण्याचा सल्ला आहे.

महाविद्यालयातील गुणांचा येथेही एकेकाळी प्रभाव होता. जबलपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आजचे नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय, १९५५मध्ये स्थापन झाले. तेव्हा जबलपूर ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती, आणि त्याआधी महाकोशलातील मुलांना एमबीबीएससाठी १९४७मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या महाविद्यालयात किंवा त्याहून दूर मुंबई, लखनौ, कोलकात्याला जावे लागे. त्या पिढीसाठी इंटर सायन्सचे गुण म्हणजेच भवितव्य. त्या काळात एक खरा दुसरा मार्गही होता : एलएमपी हा परवाना घेऊन वैद्यकी करणाऱ्यांना पुढे संक्षिप्त अभ्यासक्रम पूर्ण करून एमबीबीएस होता येत असे. आज अशी कोणतीही जोडवाट नाही. आयुष डॉक्टरांसाठी जोड अभ्यासक्रमाची तरतूद २०१७च्या वैद्यक आयोग विधेयकात होती, ती मार्च २०१८मध्ये वगळण्यात आली. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या यांपैकी कोणत्याही पदवीतून एमबीबीएसच्या दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळत नाही. तसा प्रवेश मिळवून देतो असे सांगणारा दलाल खोटे बोलत असतो, त्याचे कार्यालय कितीही झगमगीत असो.

मध्य प्रदेशात हे बजावून सांगण्याला कारण आहे. राज्यात वैद्यकीय प्रवेशासाठी पूर्वपरीक्षा मंडळ १९७०मध्ये स्थापन झाले. पुढे ते व्यावसायिक परीक्षा मंडळात, म्हणजे ‘व्यापमं’मध्ये विलीन झाले. प्रवेश परीक्षेमुळे महाविद्यालयाच्या गुणांचे वर्चस्व संपले, पण एकाच परीक्षेवर सारे काही अवलंबून राहिल्याने ती परीक्षा पोखरणाऱ्यांचाही धंदा उभा राहिला. उमेदवाराच्या जागी दुसऱ्याला बसविणे, हुशार परीक्षार्थीच्या मागे पैसे भरलेल्यांची आसने लावणे (याला ‘इंजिन-बोगी’ असे नावच पडले होते) असे प्रकार २०१३मध्ये उघडकीस आले. फेब्रुवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००८ ते २०१२ या काळात गैरमार्गाने प्रवेश घेतलेल्या ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द ठरविले. त्यांतील कित्येकांचे शिक्षण तोवर पूर्ण झालेले होते. इतक्या वर्षांच्या अभ्यासाचा विचार करून त्यांना समाजसेवेच्या अटीवर सोडावे, असा पर्यायही न्यायालयासमोर आला होता; तो मान्य झाला नाही. कमी गुण आणि घायकुतीला आलेले पालक, हे या बाजाराचे हक्काचे गिऱ्हाईक असते.

‘पात्र’ या शब्दाचा अर्थ

देशभर नीट हीच एकमेव प्रवेश परीक्षा झाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१६मधील आदेशानंतर. तिचे आकडे समजून घेतल्याशिवाय पदवीधराने पुढचे पाऊल टाकू नये. २०२५मध्ये सुमारे २२ लाख ९ हजार उमेदवार परीक्षेला बसले आणि १२ लाख ३६ हजारांहून अधिक पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र एक लाखाहून थोड्याच अधिक. म्हणजे पात्र ठरलेल्यांपैकी सुमारे दहात एकालाच एमबीबीएसची जागा मिळू शकत होती, आणि त्यांतही शासकीय महाविद्यालयाची जागा मिळालेले आणखी थोडे. त्या वर्षी ७२०पैकी सर्वोच्च गुण ६८६ होते, तर खुल्या प्रवर्गाची पात्रता १४४ गुणांवर, अर्थात एकूण गुणांच्या पाचव्या हिश्श्यावर, येऊन थांबली. कारण पात्रता ठरते ती टक्केवारीवर नव्हे, तर पर्सेंटाइलवर : खुल्या प्रवर्गासाठी ५० आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ४०. खुल्या प्रवर्गातून शासकीय जागा हवी असेल तर या पात्रता गुणांच्या तिपटीहूनही वर जावे लागते. ‘नीट क्वालिफाय झाला’ हे वाक्य पेढे वाटण्यापूर्वी एकदा तपासून पाहावे, ते यासाठी.

परीक्षेची रचनाही पदवीधराला वाटते तितकी अनुकूल नसते. १८० मिनिटांत १८० प्रश्न; त्यांत जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. बीएस्सीला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला जीवशास्त्रात आपण पुढे आहोत असे वाटते, आणि विषयाची समज म्हणून ते खरेही असते. पण परीक्षेला खोलीपेक्षा एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांतील ओळन् ओळ हवी असते, तीही प्रश्नामागे एका मिनिटात. खरा घात होतो तो भौतिकशास्त्रात. तीन-चार वर्षे या विषयाला हात न लावलेल्या पदवीधराला १८० गुणांचा हा भाग नव्याने उभा करावा लागतो. जीवशास्त्रात मिळविलेली आघाडी तेथे सहज वाहून जाते. ऑक्टोबर २०२३मध्ये आयोगाने अभ्यासक्रमातील काही घटक वगळले, त्यामुळे जुन्या टिपणांवर विसंबून राहणेही बरोबर नाही. ज्याने बारावीनंतर खंड न पाडता तयारी केली त्याच्या तुलनेत पदवीधराला साधारण एक पूर्ण वर्ष जास्त द्यावे लागते असे धरून चालणे शहाणपणाचे.

पदवीला गुण कमी का पडले, याचाही येथे विचार व्हायला हवा. पुष्कळदा बीएस्सीचा प्रवेश नावापुरता असतो. वर्ष वाया जाऊ नये म्हणून महाविद्यालयात नाव घातलेले असते आणि सारा वेळ नीटच्या शिकवणीत गेलेला असतो. अशा विद्यार्थ्याचे पदवीचे गुण त्याच्या कुवतीबद्दल फारसे सांगत नाहीत; त्याचे नीटचे आधीचे गुण अधिक सांगतात. तीन प्रयत्नांत ते चढत गेले असतील तर आणखी एक प्रयत्न करण्यात अर्थ आहे. तेथल्या तेथेच घुटमळत असतील, तर पदवी आणि नीट या दोन्ही नोंदी मिळून एकच गोष्ट सांगत असतात, आणि ती घरात कोणीतरी मोकळेपणाने बोलली पाहिजे.

जबलपूरच्या मराठी घरांत

शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, तर उर्वरित राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. पिढ्यान् पिढ्या जबलपुरात राहिलेल्या मराठी कुटुंबांत ‘नाहीतर महाराष्ट्रातून बघू’ असा एक सूर हमखास निघतो. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी अधिवास आणि साधारणपणे दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असणे लागते. मातृभाषा मराठी असल्याने किंवा आजोळ पुण्याला असल्याने तो हक्क मिळत नाही. त्यांचा कोटा मध्य प्रदेशाचाच. प्रश्नपत्रिकेबाबतही असेच. नीट १३ भाषांत होत असली तरी मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. जबलपूरच्या केंद्रावर बसणाऱ्याला इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू यांतून निवड करावी लागते, आणि ही निवड अर्ज भरतानाच करायची असते.

मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२मध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित केली. हिंदी माध्यमातून आल्यामुळे पदवीत मागे पडलेल्यांना याचा दिलासा आहे, पण तो प्रवेशानंतरचा. शासकीय शाळांत शिकलेल्यांसाठी राज्याने २०२३पासून ठेवलेले पाच टक्के आरक्षण अधिक थेट उपयोगाचे आहे. राखीव प्रवर्गांतील गुणवंतांना या कोट्यातील खुल्या जागाही मिळाल्या पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये मध्य प्रदेशातील विद्यार्थ्यांच्याच याचिकेवर दिला. हे आरक्षण शालेय शिक्षणावर बेतलेले असल्याने शाळेचे दाखले वेळीच गोळा करून ठेवणे महत्त्वाचे. समुपदेशनाच्या वेळी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, अधिवासाचा आणि जातीचा दाखला, महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि मधल्या वर्षांबाबतचे शपथपत्र साधारणतः मागितले जाते. बीएस्सीच्या महाविद्यालयात अडकलेली मूळ गुणपत्रिका ऐन फेरीच्या दिवशी आठवणे, हा दरवर्षीचा प्रकार आहे.

शासकीय जागा हुकली की खासगी महाविद्यालय किंवा परदेश हे दोन पर्याय समोर येतात. खासगी महाविद्यालयांचे शुल्क भोपाळची प्रवेश व शुल्क विनियामक समिती ठरविते. तरीही साडेचार वर्षांचा एकूण आकडा मध्यमवर्गीय घराला जमीन किंवा घर गहाण टाकायला लावणारा असतो. परदेशी शिक्षणासाठीही नीट पात्रता २०१८पासून बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२१च्या नियमांनुसार तेथील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी, आणि परतल्यावर परवाना परीक्षा व पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता. सध्याच्या परवाना परीक्षेत ३००पैकी १५० गुण लागतात, आणि तेथे अडकून पडलेल्यांची संख्या मोठी आहे. नीटमध्ये १४४-१५० गुणांवर पात्र ठरून परदेशी गेलेल्याने हे आधीच लक्षात घ्यावे.

आता वर्षांचा हिशेब. एकविसाव्या वर्षी बीएस्सी झालेला विद्यार्थी दोन वर्षे तयारी करून तेविसाव्या वर्षी प्रवेश घेतो असे धरले, तर साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता संपेपर्यंत तो अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होतो. पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर आणखी तीन वर्षे, त्याआधी आणखी एक प्रवेश परीक्षा. मुलींच्या बाबतीत या गणितात लग्नाचा विषय घरचे लोक न विचारता घालतात, आणि प्रयत्नांची संख्या मुलाला चार मिळते तेथे मुलीला दोनच मिळते. ही गोष्ट कोणत्याही नियमावलीत लिहिलेली नाही.

या सगळ्यात पदवी अर्धवट सोडण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण येथे एक विलक्षण उलटापालट आहे. जी पदवी एमबीबीएसच्या दारात कवडीमोल ठरते, तीच बाकी सर्वत्र मोजली जाते. बीएडला पदवीत साधारण ५० टक्के लागतात, विज्ञानातील नेट परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गाला एमएस्सीत ५५ टक्के लागतात. म्हणून शेवटच्या वर्षात असलेल्याने एक सत्र जीव ओतून पदवी पन्नासच्या वर नेणे हे नीटच्या तयारीतील विघ्न मानू नये. नीट साधली नाही तर पाय ठेवायला तीच जमीन उरते. जबलपुरातच १९८४पासून आदिवासी आरोग्याच्या संशोधनाला वाहिलेली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था आहे. मलेरिया आणि सिकलसेलसारख्या आजारांवर तेथे काम होते, आणि अशा संस्थांत जीवशास्त्राच्या पदवीधर-पदव्युत्तरांना प्रयोगशाळेत व क्षेत्रकार्यात जागा असते. शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र या विषयांतील वैद्यकीय एमएस्सी हा आणखी एक मार्ग. त्याने रुग्ण तपासण्याचा अधिकार मिळत नाही, पण वैद्यकीय महाविद्यालयात शिकविता येते.

आणि प्रवेश मिळालाच, तर कोरी पाटी तेथे संपते. २०२३च्या नियमावलीनुसार पहिल्या वर्षाची परीक्षा चारपेक्षा अधिक वेळा देता येत नाही आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे पहिल्या वर्षाचे विषय बहुपर्यायी प्रश्नांवर निभत नाहीत. लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी अशा तिन्ही परीक्षा असतात. बीएस्सीची तीन वर्षे ज्या सवयींमुळे घसरली, त्या सवयी जबलपूरच्या वसतिगृहातही सोबत येतात. एका वर्षाच्या झपाट्याने नीट पार केलेल्यांपैकी काही जण पहिल्याच सत्रात अडखळतात ते यामुळे, आणि अनुभवी शिक्षक अशा विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या पहिल्या महिन्यापासून रोजची उजळणी व तोंडी उत्तरांचा सराव लावून देतात.